दादाला विचारलंत का?

मी हिशेबखात्यात नोकरी करते, त्यामुळे फॉर्म भरणं हा माझा हातखंडा. दादाचे तर मी गेली पंचवीस वर्षं भरतेय. पासबुक, रेशनकार्ड, आधार, रेल्वेच्या सवलतीचा कागद, युडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं सरकारी कार्ड. प्रत्येक फॉर्मच्या तळाशी अर्जदाराच्या सहीची जागा असते. तिथे दादा बाबांनी शिकवलेली सही करतो. एकेक अक्षर कोरून काढतो, दोन मिनिटं सहज लागतात, मागे रांगेतले लोक चुळबुळ करतात. वरचा मजकूर माझा, खालची सही त्याची. यात काही वावगं आहे असं २०२३ च्या जूनपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, तेव्हा ४७ चा होता. डाउन सिंड्रोम. १९७६ साली तो जन्मला तेव्हा डॉक्टरांनी बाबांना 'मंगोल बाळ' असं सांगितलं होतं. तेव्हा तोच शब्द चालायचा. आणि वीस-पंचवीस वर्षं धरून चाला, असंही सांगितलं होतं. त्यांचं अगदीच चुकलं असं नाही. ऐंशीच्या दशकापर्यंत अशा माणसांचं सरासरी आयुष्य परदेशातसुद्धा पंचविशीच्या आसपासच होतं. निम्म्याजवळ मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो आणि तेव्हा त्याची शस्त्रक्रिया सहसा व्हायची नाही. आता तिकडे तेच आयुष्य साठीच्या घरात गेलंय. दादाचं हृदय पहिल्यापासून ठणठणीत. बाबा गेले, आई गेली, ते डॉक्टरही गेले. दादा रोज सकाळी बडोद्याच्या खंडेराव मार्केटातून देवाला फुलं आणतो.

आमचं माहेरचं घर दांडिया बाजारात, लकडी पुलाच्या अंगाला. आई २०२१ मध्ये गेली आणि मी नवऱ्यासकट इथे राहायला आले. लोकांनी कौतुक केलं. खरं सांगायचं तर दादाला दुसरीकडे हलवणं मला जमण्यासारखं नव्हतं. सुरसागरावरून मार्केटपर्यंतचा रस्ता त्याच्या पायात आहे, तो मी कारेलीबागेत कुठून आणून देणार?

तर जूनमध्ये, दादा जिथे दुपारी कागदी पिशव्या करायला जातो त्या संस्थेच्या ग्रुपवर एक गुजराती निरोप आला. 'लर्निंग डिसॅबिलिटी' असलेल्या प्रौढांवर आणि त्यांची काळजी घेणाऱ्या घरच्यांवर पीएचडीचा अभ्यास चाललाय, भाग घ्यायचा असल्यास कळवा. मी तो वाचून सोडून दिला. लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे शेजारच्यांच्या नातवाला आहे ती, 'ब' आणि 'ड' उलटसुलट लिहिणारी, परीक्षेला जास्तीचा वेळ मिळवून देणारी. आपला काय संबंध? दोन दिवसांनी संस्थेतल्या बाईंनीच फोन केला, तेव्हा उलगडा झाला. अभ्यास करणारी ही मुलगी इंग्लंडात शिकून आलेली. तिकडे लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे आपण ज्याला पूर्वी मतिमंदत्व म्हणायचो आणि आता बौद्धिक अक्षमता म्हणतो, ते. आणि आपल्याकडे २०१६ च्या कायद्यात जी २१ अपंगत्वं मोजलीत, त्यांत 'स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणजे वाचन-लेखन-गणिताची अडचण, आणि बौद्धिक अक्षमता वेगळी. एकाच शब्दाचे दोन देशांत दोन अर्थ. ती नंतर हसून म्हणाली, निरोप लिहितानाच चूक झाली, पहिल्या आठवड्यात तिला आलेले निम्मे फोन तिसरी-चौथीतल्या मुलांच्या आयांचे होते.

मी होकार दिला तो दादाच्या काळजीपोटी वगैरे नाही. वर्षभर तो विसरायला लागलाय असं मला वाटत होतं आणि कुणाशी तरी बोलायचं होतं. फुलवाला म्हणाला होता, "बेन, दादा पैसा भूली जाय छे." हाक मारली तर ओ देत नव्हता. आणि दर दोन-चार दिवसांनी विचारायचा, "आई दवाखान्यात?" आई जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी आधी एका डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी दादाकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि "ह्या लोकांत चाळिशीनंतर असं होतंच" असं म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या. तपासलं नाही. चारशे रुपये.

मुलगी आली ती माहितीपत्रक घेऊन, चार पानी, गुजरातीत. अभ्यास कशाचा, किती वेळा येणार, आवाज मुद्रित होणार, नाव कुठेही छापणार नाही, केव्हाही माघार घ्या. मी सवयीने सरळ सहीच्या पानावर गेले. तर तिने पान उलटवून परत पहिल्यावर आणलं आणि म्हणाली, "दादाला विचारलंत का?"

मी म्हटलं, त्याला काय कळणार? मी आहे ना.

मग तिचा पुढचा प्रश्न: तुम्ही कायद्याने त्याच्या पालक आहात का? मी म्हटलं, सख्खी बहीण आहे. तेवढं पुरत नाही, ती म्हणाली. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे जो माणूस स्वतः पूर्ण समजून संमती देऊ शकत नाही त्याच्यासाठी कायद्याने मान्य असलेल्या प्रतिनिधीची सही लागते. आणि तिच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीची वरकड अट अशी की ती सही असली तरी त्या माणसाने मान हलवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

इथे मला माझ्याच खात्यातली एक मोठी चूक सापडावी तसं झालं. मूल अठराचं झालं की आईबापसुद्धा आपोआप पालक राहत नाहीत, हे बाबांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. त्यासाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिच्यात कलेक्टर, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती, असे तिघं. त्यांच्याकडे अर्ज करायचा. मग नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत त्या माणसाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. ही शेवटची अट वाचून मला बरं वाटलं, निदान एक काम येत होतं. माझा अर्ज त्या जुलैत गेला. त्या फेऱ्यांचं पुराण इथे लावत नाही. कागद कमी पडला, कागद पुरा झाला, साहेब बैठकीत, साहेब बदलीवर, हे कुणालाही पाठ असतं. मुलीने एकदा हळूच सांगितलं, की भारताने २००७ साली मान्य केलेला, अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार याच्याही पुढे जातो. त्याचं म्हणणं, माणसाच्या जागी दुसऱ्याने ठरवू नये, त्याला ठरवायला मदत करावी. मी म्हटलं, बाई गं, आधी कलेक्टर ऑफिसातून माझी फाइल तरी पुढे सरकू दे.

आता दादाला विचारायचं. त्याच्यासाठी तिने वेगळा कागद आणला होता. मोठी अक्षरं, पानावर दोनच वाक्यं, शेजारी चित्रं. एका पानावर दोन माणसं बोलताहेत, एका पानावर रेकॉर्डर, एका पानावर हात वर करून 'बस' म्हणणारा माणूस. ती गुजरातीत वाचायची, मी मराठीत सांगायचं. दादा घरात मराठीच बोलतो. गुजराती त्याला बाजारापुरती येते, केटला, आपो, काले आवीश. त्याने चित्रं नीट पाहिली. रेकॉर्डर हातात घेतला, लाल दिवा लावून पाहिला, बंद केला, परत लावला. मग टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "नाही."

"अरे दादा, काही नाही रे त्यात, हो म्हण ना," मी म्हटलं.

"तुम्ही नका सांगू," ती मला म्हणाली. आणि तिने रेकॉर्डर पिशवीत टाकला, कागद गोळा केले, चहा घेतला, दादाने केलेली एक कागदी पिशवी विकत घेतली आणि निघून गेली. माझी अर्ध्या दिवसाची रजा वाया गेली, म्हणून मी दिवसभर धुसफुसत होते. दादा मात्र खुशीत होता. रात्री जेवताना मध्येच म्हणाला, "नाही म्हटलं," आणि हसला. दोनदा म्हणाला.

आठ दिवसांनी त्यानेच विचारलं, "कागदवाली बेन कधी येणार?" आली, चित्रं दाखवली, दिवा लावला. या खेपेस त्याने मान हलवली आणि कागदावर सही कोरली. दोन मिनिटं. मागे रांग नव्हती.

पुढचे दोन-अडीच महिने ती येत राहिली, कधी माझ्याशी बोलायला, कधी त्याच्याशी. माझ्याकडून एक लांबलचक प्रश्नावली भरून घ्यायची होती. त्याला स्वतःच्या हाताने जेवता येतं का, बटणं लावता येतात का, एकटा रस्ता ओलांडतो का, सोपं काही शिजवतो का. हे प्रश्न मी आधी ऐकलेले होते. युडीआयडीच्या वेळी सरकारी दवाखान्यात मानसशास्त्रज्ञांनी जवळपास असंच विचारलं होतं. त्या चाचणीला व्हाइनलँड म्हणतात. मूळ अमेरिकेची, भारतासाठी ती नागपुरात मालिन यांनी बसवली. तिच्यात माणसाला काही करायला लावत नाहीत, जवळच्या माणसाला विचारतात. बाहेर पन्नास लोक खोळंबलेले, बाई घाईत, मी घाईत. स्वयंपाक? नाही. पैशांचा व्यवहार? नाही. एकटा प्रवास? नाही. त्यातून आकडा निघतो, आकड्यावरून 'मध्यम', आणि मध्यम म्हणजे ७५ टक्के. दादाच्या कार्डावरचे ७५ टक्के माझ्या तोंडून निघालेत, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट, कुणी उघड बोलत नाही ती. दाखल्याच्या खिडकीत आम्ही सगळेच घरचे लोक हातचं राखून उत्तरं देतो. चाळीस टक्क्यांच्या खाली गेलं तर सगळ्या सवलतींवर पाणी. त्यामुळे 'कधीकधी जमतं' याचं आमच्या तोंडी 'नाही जमत' होतं. आणि दहा वेळा म्हटलं की आपल्यालाही ते खरं वाटायला लागतं.

तर मुलीने विचारलं, चहा करता येतो? मी म्हटलं, गॅसजवळ जाऊ देत नाही.

दादा शेजारीच पिशव्यांना गोंद लावत बसला होता. तो उठला आणि आत गेला. मी पाठोपाठ निघाले तर तिने माझ्या दंडाला हात लावला. दोघी दारात उभ्या राहिलो. त्याने पातेलं घेतलं, पण माझं नेहमीचं नाही, आईचं, पितळी कानाचं, फळीवर मागे पडलेलं. तीन कप पाणी कपानेच मोजून घातलं. फ्रिजमधून पुदिना आणि गवती चहा काढला. गवती चहाची पात त्याने बोटाभोवती गुंडाळली, गाठ मारली आणि तशीच टाकली. आई तसं करायची, म्हणजे गाळताना सोपं जातं. मग लायटर. लायटर त्याने आधी पेटवला, दोनदा टकटक करून ठिणगी पाहिली, आणि मगच बटण फिरवलं. मी स्वतः बटण आधी फिरवते. साखर तीन चमचे, चहापूड दीड. दूध घातल्यावर तो जागेवरून हलला नाही. उकळी वर आली की गॅस बारीक, खाली गेली की मोठा, असं तीनदा. शेवटी बटण बंद करून खालचा नॉबही फिरवला, आणि आमच्याकडे वळून, अगदी आईच्या सुरात म्हणाला, "बंद केला?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "केला."

टाळेबंदीत आईला ओट्याशी फार वेळ उभं राहवत नव्हतं. मी तेव्हा माझ्या घरी, पोलिसांचा नाका पार करून दर चार दिवसांनी भाजी देऊन जायची. आईने त्या वर्षात त्याला शिकवलं होतं. मला सांगितलं नाही, कारण मी ओरडले असते. आणि आई गेल्यावर मी आले ती गॅसजवळ जायचं नाही असं बजावतच आले. दोन वर्षं तो माझ्या हातचा चहा पीत होता. बरा करतो तो माझ्याहून.

त्या ओळीपुढे मी 'नाही' वर आधीच खूण केली होती. मुलगी म्हणाली, खोडू नका, शेजारी लिहा.

मग पैसे. तिने टेबलावर खऱ्या नोटा मांडल्या आणि दादाला म्हणाली, पन्नासची दे. दादाने शंभरची उचलली. मी मनात म्हटलं, बघ, फुलवाला खोटं बोलत नव्हता. मुलीने त्या दोन नोटा शेजारी शेजारी ठेवल्या, जरा वेळ पाहत राहिली आणि मला विचारलं, "जुनी पन्नासची कोणत्या रंगाची होती?" जांभळी. आणि २०१८ ची नवी शंभरची? फिकट जांभळी. नवी पन्नासची निळी. नवी दहाची चॉकलेटी, ती तर त्याच्या हिशेबात पूर्वी कुठे नव्हतीच. दादाला आकडे वाचता येत नाहीत, तो रंग वाचतो. बाबांनी त्याला रंगावरून शिकवलं होतं आणि वर्षानुवर्षं ते बिनचूक चाललं. नोटबंदीनंतर तीन वर्षांत सगळे रंग फिरले आणि त्याला नव्याने शिकवायला बाबा नव्हते. तो विसरला नव्हता. त्याला पन्नास म्हणजे जांभळी हे अजून पक्कं आठवत होतं, तेच तर त्याला नडत होतं. फुलवाल्याला गेल्या काही वर्षांत पन्नासच्या जागी किती शंभर गेले, याचा हिशेब मी काढायला बसले होते. नवऱ्याने कॅल्क्युलेटर काढून घेतला.

"पण ओ देत नाही त्याचं काय?" मी विचारलं. ती म्हणाली, मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही. पण अशा माणसांना विसराळू ठरवण्याआधी कान, डोळे, थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह हे तपासायचं असतं, एवढं मला माहीत आहे. डाउन सिंड्रोममध्ये कानाची नळी अरुंद असते, मळ साचतो. थायरॉइड मंदावणं तर इतकं नेहमीचं की दरवर्षी बघावं म्हणतात. माणूस सुस्त होतो, गप्प होतो, आणि बघणाऱ्याला वाटतं डोकं गेलं. विस्मृतीचा धोकाही खराच आहे. डाउनमध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असतात, हे १९५९ साली लेज्यून यांनी दाखवलं. आणि अल्झायमरशी संबंध असलेल्या एका प्रथिनाचं जनुक नेमकं त्याच गुणसूत्रावर आहे. म्हणून तो आजार यांना लवकर गाठतो. पण म्हणून दर वेळी तोच असतो असं नाही.

त्या चारशे रुपयेवाल्या डॉक्टरांनी जे केलं त्यालाही संशोधनात नाव आहे म्हणे. १९८२ साली अमेरिकेत रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेलं. अपंगत्वाची सावली इतकी मोठी पडते की तिच्याखाली दुसरा आजार दिसतच नाही. इंग्लंडात यावर सरकारने ब्रिस्टल विद्यापीठाकडून चौकशी करवली, २०१३ साली अहवाल आला. बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ वर्षं आधी आणि बायका २० वर्षं आधी मरतात, आणि त्यातले पुष्कळ मृत्यू वेळेवर नीट उपचार झाले असते तर टळले असते, असं निघालं. जिथे दवाखाना फुकट आहे त्या देशातली ही गोष्ट. मी तो आकडा ऐकून दादाकडे बघितलं. तो गोंदाची बाटली उलटी धरून शेवटचा थेंब काढत होता.

कानाच्या डॉक्टरांनी पाच दिवस थेंब घालायला सांगितले आणि मग दोन्ही कानांतून चिकूच्या बियांसारखं काळं, चकाकतं काहीतरी काढलं. दादाने ते कागदात गुंडाळून घरी आणायचा हट्ट धरला. घरी आल्यावर तो दिवाणखान्यात बाबांच्या जुन्या घड्याळाखाली जाऊन उभा राहिला. मी विचारलं काय झालं, तर ओठांवर बोट. घड्याळ बंद कधीच नव्हतं. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच ११.८ निघालं, रिपोर्टात शेजारी लाल बाण. सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली. महिना-दीड महिन्यात चेहऱ्यावरची सूज उतरली आणि संस्थेतल्या बाई म्हणाल्या, पिशव्या पुन्हा पूर्वीसारख्या होतात.

आईचं मात्र तसं सुटलं नाही. मुलीने विचारलं, आई गेली हे दादाला कुणी आणि कसं सांगितलं? मी आठवायला लागले. ती एप्रिलमधली करोनाची लाट होती. आईला ॲम्ब्युलन्सने नेलं, दादाने गॅलरीतून पाहिलं. परत आली ती फक्त राख. त्याला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. मी एकदा म्हटल्याचं आठवतं, "आई देवाघरी गेली." देवाघर आमच्याकडे स्वयंपाकघराच्या बाजूला आहे, तो रोज तिथे फुलं ठेवतो, आई तिथे नाही. मग "आई दवाखान्यात?" हा प्रश्न विसराळूपणाचा होता की माझ्याहून जास्त हिशेबी होता? शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात जाताना, पुढची नोंद कुणी दिलीच नाही. त्या वर्षी पितृपक्षात आम्ही त्याला चांदोदला नेलं, नर्मदेवर. पिंड त्याच्या हातून सोडला. मी सांगितलं, आई मेली, परत येणार नाही. तो शब्द मी त्याच्यासमोर प्रथमच उच्चारला. त्याने ऐकून घेतलं. नंतर महिनाभर विचारलं नाही, मग पुन्हा एकदा विचारलं. अजूनही कधी विचारतो. त्याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

शेवटी तिने आमच्या बोलण्याचं लिहून काढलेलं आणून दिलं, वाचा आणि काही चुकलं असेल तर सांगा म्हणून. माझी ३१ पानं, दादाची ९. "तुमच्यानंतर कोण?" या प्रश्नापुढे माझ्या पानावर फक्त एवढंच होतं: शांतता, ४० सेकंद. मला ते दोन-तीन सेकंद वाटले होते. आणि सवयच वाईट, मी पेन्सिल घेऊन 'त्याला नाही जमत' किती वेळा आलंय ते मोजलं. १७. त्यातल्या सहांपुढे नंतर माझ्याच हाताने 'जमतं' असं लिहावं लागलं होतं. दादाच्या नऊ पानांत एका जागी तिने विचारलं होतं, घरात काय आवडत नाही? त्याचं उत्तर: "बेबी ओरडते." बेबी म्हणजे मी. वर्षभर त्याला ऐकू येईना म्हणून मी आवाज चढवत होते. आवाज त्याला पोचत नव्हता, नुसता ओरडणारा चेहरा दिसत होता.

पहिलीच्या वयात त्याला शाळेने घेतलं असतं तर, असं मला कधी वाटतं. १९०६ साली सयाजीरावांनी या अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, याचा आम्हा बडोदेकरांना केवढा अभिमान. १९८२ साली त्याच शहरात आई दादाला घेऊन घराजवळच्या शाळेत गेली आणि दारातूनच परत आली. पुढे कुठेतरी बुद्ध्यंक काढला तो गुजराती चाचणीवर, घरात मराठीशिवाय अक्षर न ऐकलेल्या मुलाचा. बिनेची चाचणी कामतांनी धारवाडला मराठी आणि कानडीत कधीच बसवून ठेवली होती, स्वातंत्र्याच्याही आधी. ती दादापर्यंत पोचली नाही. मुलीशी बोलताना कळलं म्हणून लिहिलं, आता त्याचा उपयोग काही नाही.

उपयोगी असं तिने एकच सांगून ठेवलं. विस्मृतीच्या नेहमीच्या चाचण्या यांना लागू पडत नाहीत, कारण आजची तारीख, शंभरातून सात वजा, हे दादाला विशीतही येत नव्हतं. त्याची तुलना त्याच्याशीच करावी लागते. म्हणून जे जमतं त्याची दरवर्षी एकदा मोबाइलवर चित्रफीत काढून ठेवा, त्याला विचारून. आम्ही ती त्याच्या वाढदिवसाला काढतो. बटणं लावणं, फुलांचे पैसे मोजणं, त्यासाठी नव्या नोटांचे रंग आता आम्ही दोघांनी घोकलेत, आणि चहा. आधी चित्राचा कागद दाखवते. यंदा पैशांच्या वेळी त्याने हात वर केला, 'बस', तर ते राहिलं.

चहाच्या वेळी मात्र छान चाललं होतं. पातेलं, पुदिना, पातीची गाठ, दोनदा ठिणगी. मग साखर तीन चमचे. चहापूड. आणि मग त्याने डबा पुन्हा उघडला आणि आणखी दोन चमचे साखर घातली. माझ्या हातातला मोबाइल हलला, तो चित्रफितीत दिसतोही. गेल्या वर्षीची मी तिथल्या तिथे आठवून पाहिली, तीनच होते.

"दादा," मी हळू आवाजात विचारलं, "साखर परत का घातलीस?"

तो वळला, माझ्याकडे असं पाहिलं की काय ही विचारते.

"वाढदिवस आहे."